अर्धी वडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय घरगुती औषधाचा आहे. पण तो हळद-दुधाचा किंवा तुळशीच्या काढ्याचा नाही. भांग घालून घरी केलेल्या खाण्याच्या पदार्थांचा आहे. हे ऐकून काही जणांना होळीची थंडाई आठवेल आणि हसू येईल. काही जण रेडिओ बंद करावा का, असा विचार करतील. दोघांनाही विनंती आहे, थोडं थांबा. गमतीसाठी नव्हे, तर घरातल्या माणसाचं दुखणं हलकं व्हावं म्हणून हा पदार्थ करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. एकदा त्यांच्यात मीही होतो, आणि माझं चुकलं. काय चुकलं ते सांगायलाच मी आज आलो आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. माजून. हा शब्द अरबीतला. त्याचं मूळ मळण्याशी आहे. कणीक मळावी तशी औषधांची पूड मधात किंवा साखरेच्या पाकात मळून जे चाटण करतात, ते माजून. युनानी औषधांच्या दुकानात आजही 'माजून फलासफा', 'माजून दबीदुल वर्द' अशी नावं वाचायला मिळतात. त्यांत नशेचं काही नसतं. पण लोकांच्या तोंडी माजून म्हणजे भांगेची वडी, असाच अर्थ रुळला. मराठीत तिला माजूमही म्हणत.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, औशाला हकिमी करत. दुकान लहान, पण काटा मोठा चोख. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे मी शाळेत नाही, त्यांच्या गादीवर बसून शिकलो. त्यांची आणखी एक सवय होती. पुडी कितीही लहान असो, तिच्यावर औषधाचं नाव आणि वजन लिहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. घेणाऱ्याला वाचता येत नसलं तरी लिहायचेच. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बेनाम दवा और बेनाम चिठ्ठी, दोनों पे भरोसा नक्को." निनावी औषध आणि निनावी पत्र, दोन्हींवर विश्वास ठेवू नये. त्या वेळी मला हा म्हाताऱ्याचा काटेकोरपणा वाटायचा.

भांगेला आयुर्वेदात विजया म्हणतात. हकिमांच्या ग्रंथांत तिचं एक नाव 'वरकुल खयाल' असं आहे. खयालाचं पान, कल्पनेचं पान! कवी म्हणून सांगतो, याहून नेमकं नाव मला सुचलं नसतं. एकाच झाडाची तीन नावं आपण सर्रास मिसळतो, म्हणून तेवढं स्पष्ट करतो. पानं म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. तिन्हींतला अंमल चढवणारा मुख्य घटक एकच, टीएचसी. फरक असतो तो प्रमाणाचा. हा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. आणि हिरव्या पानात तो बहुतांशी आम्लाच्या रूपात असतो. उष्णता लागली की त्याचं अंमल चढवणारं रूप होतं. टीएचसी हे अक्षरही ज्यांना ठाऊक नव्हतं, ते माजून करणारे लोक भांग तुपात का परतत होते, याचं उत्तर इथे आहे.

या माजूनची रीतसर नोंद पाश्चात्त्य वैद्यकात झाली ती कलकत्त्याला. १८३९ साली. विल्यम ओशॉग्नेसी नावाचे एक आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी गांजा आणि भांगेच्या औषधी उपयोगावर एक निबंध वाचला. लिहिण्याआधी त्यांनी इथल्या जाणकारांना विचारलं. हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली, तेहरानचे एक हकीम, पंडित मधुसूदन गुप्त. आणि माजूनची कृती विचारली ती अमीर नावाच्या कारागिराला. शहरात त्याचा अड्डा प्रसिद्ध होता. भांग आणि तूप समभाग, त्यात पाणी, निखाऱ्यावर आटवणं, मग साखर-दूध, असं सगळं त्या निबंधात आहे. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची नोंद. एक ड्रॅम वजनाची वडी, म्हणजे आपल्या तोळ्याचा साधारण तिसरा हिस्सा, नवख्या माणसाला चढायला पुरे. सवयीच्या माणसाला तिप्पट लागते.

मग त्यांनी आधी जनावरांवर आणि नंतर रुग्णांवर प्रयोग केले. संधिवाताच्या एका रुग्णाला दुपारी दोन वाजता राळेची एक ग्रेन दिली. चार वाजता तो गाणी म्हणू लागला, जास्तीचं जेवण मागू लागला, मी ठणठणीत आहे म्हणाला. रात्री आठ वाजता तो असा निपचित पडला होता, की त्याचा हात उचलून ठेवावा तिथेच राहत होता. सुदैवाने तो शुद्धीवर आला. हे औषध थोड्या मात्रेतच द्यावं, असं मत ओशॉग्नेसींनी नोंदवून ठेवलं.

पुढे हे औषध इंग्लंडला गेलं, अमेरिकेत गेलं, तिथल्या औषधकोशांत आलं. ते मागे पडलं त्याला पुढे कायदा आणि राजकारण कारण झालं, हे खरं. पण त्याच्या आधीच डॉक्टरांची एक तक्रार होती. एका बाटलीतला अर्क बिनकामाचा निघायचा, तर दुसऱ्या बाटलीतल्या तेवढ्याच थेंबांनी रुग्ण भ्रमिष्ट व्हायचा. पाण्यात न विरघळल्यामुळे ते सुईने टोचताही येत नव्हतं. ब्रिटनच्या औषधकोशातून ते १९३२ साली गेलं, अमेरिकेच्या १९४२ साली. वनस्पतीत गुण नव्हता म्हणून नव्हे. तिला माप बसवता येत नव्हतं, हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

आता सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ. कारण घरी केलेल्या या पदार्थाला माणुसकीचा चेहरा दिला तो तिथल्या एका बाईने. मेरी जेन रॅथबन, १९२२ सालचा जन्म. आयुष्यभर हॉटेलात वाढपीण म्हणून राबलेली. एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली. उतारवयात उत्पन्नाला जोड म्हणून ती गांजा घातलेले ब्राउनी, म्हणजे चॉकलेटच्या केकच्या वड्या, करून विकू लागली. १९८१ साली पोलिसांनी तिच्या घरावर छापा घातला. शिक्षेत पाचशे तासांची समाजसेवा आली. त्याच सुमारास एड्सची साथ आली. तरुण मुलं महिन्या-दोन महिन्यांत हाडांचा सापळा होत होती. त्यांना भूक नव्हती, अन्न पोटात ठरत नव्हतं, आणि कित्येकांना घरच्यांनी टाकलं होतं. समाजसेवेचे तास संपले, पण मेरीची सेवा थांबली नाही. तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या शहाऐंशी नंबरच्या वॉर्डात ती स्वयंसेविका म्हणून जायची. घरी भाजलेल्या ब्राउनी या मुलांना फुकट वाटायची. 'माझी मुलं' म्हणायची त्यांना. लोक तिला 'ब्राउनी मेरी' म्हणू लागले. १९९२ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, तिला पुन्हा अटक झाली. त्याच वर्षी २५ ऑगस्टला शहराने तिच्या नावाचा दिवस जाहीर केला. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गांजाचा वैद्यकीय वापर मान्य केला, त्यात तिचा वाटा मोठा होता. १९९९ साली ती वारली. त्याच रुग्णालयातले डॉक्टर डोनाल्ड एब्राम्स यांनी कित्येक वर्षं खटपट करून एचआयव्ही रुग्णांवरच्या अभ्यासाला परवानगी मिळवली, त्यामागेही या बाईचं उदाहरण होतं.

२००८ साली मी तिची हकीकत वाचली. त्या वर्षी माझ्या अम्माला अंडाशयाचा कर्करोग होता. केमो चालू होता. प्रत्येक केमोनंतर तीन-चार दिवस तिला इतक्या उलट्या व्हायच्या, की चहाचा वास आला तरी ती तोंडावर पदर घ्यायची. अंगावरची बांगडी कोपरापर्यंत सरकायची. कॅलिफोर्नियातल्या एका नात्यातल्या मुलाने फोनवर सांगितलं, इथे डॉक्टर अशा रुग्णांना याची शिफारस करतात. मग मी वाचत गेलो, आणि मेरीपाशी येऊन थांबलो. मला वाटलं, एक परकी बाई परक्या मुलांसाठी एवढं करते, आणि मी मुलगा असून काय करतो?

बनारसहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने भांगेच्या गोळ्या आणून दिल्या. तिथे परवान्याची दुकानं आहेत. आपल्याकडे असं बाळगणं गुन्हा आहे, हे मला पुरतं ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी थांबलो असतो, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. बायको म्हणाली, "अम्मांना आधी सांगा." मी म्हटलं, "सांगितलं तर ती खाणार नाही." अम्मा पाच वेळची नमाजी. नशेच्या वस्तूला आयुष्यात शिवली नव्हती. तेव्हा, न सांगता द्यायचं असं मी ठरवलं. तिच्या भल्यासाठीच!

ज्याला धड चहा करता येत नाही, त्या माणसाने त्या दिवशी बर्फी केली. तूप, खवा, साखर, वेलदोडे. भांग किती घालायची? अंदाजे. सारखी मिसळली का? वाटलं तसं. ताटात सोळा वड्या पाडल्या. नानांचा काटा त्या वेळी माझ्याच घरात, माळ्यावर पडला होता. तो खाली काढायचं मला सुचलंही नाही.

मगरिबच्या नमाजनंतर अम्माला एक वडी दिली. अर्धा तास गेला, तास गेला. काहीच नाही. उलट अम्मा म्हणाली, "अच्छी बनी है रे, और एक दे." कित्येक आठवड्यांत तिने पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं होतं. माझे डोळे भरून आले. मी दुसरी वडी दिली.

रात्री दहाच्या पुढे सुरू झालं. तोंड कोरडं पडलं, छाती धडधडू लागली. भिंती लांब जाताहेत म्हणाली. "फजरची अजान झाली का?" असं दर दोन मिनिटांनी विचारू लागली. तिची वेळ सरकत नव्हती. उठायला गेली तर पाय लटपटले आणि खाटेच्या कडेवर आदळली. मग आपली वेळ आली असं समजून ती कलमा म्हणू लागली. मी शेजारी बसून होतो, आणि खरं कारण त्या घरात फक्त मला आणि माझ्या बायकोला ठाऊक होतं.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" मी म्हटलं, "घरचंच जेवण." श्रोतेहो, हे माझं वाक्य मी विसरलेलो नाही. त्यांनी ईसीजी काढला, पक्षाघाताची शंका आली, मेंदूच्या तपासणीची तयारी सुरू झाली. अर्धा-पाऊण तास गेल्यावर बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी बोललो. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "आधी सांगितलं असतं तर आजींना एवढं हलवलं नसतं," इतकंच म्हणाल्या. सलाइन लावलं, कुणीतरी हात धरून बसा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अम्मा सावरली.

असं का झालं, ते त्यांनीच मला सोप्या भाषेत सांगितलं. धुरातून घेतलेला अंमल मिनिटांत कळतो. खाल्लेला पदार्थ पोटातून यकृतात जातो, तिथे टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं आणि मग ते मेंदूकडे जातं. याला अर्ध्या तासापासून दोन तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. अंमल सहा-आठ तास आणि त्याहून अधिक टिकतो. पहिल्या वडीने काही झालं नाही म्हणून माणूस दुसरी खातो, आणि मग दोन्ही एकदम येतात. म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब उतरतो, तोल जातो, भ्रम होतो. चालू असलेल्या इतर औषधांशी त्याचं पटेलच असं नाही. लहान मुलं तर ती मिठाई समजूनच खातात.

अम्माच्या कर्करोगाच्या डॉक्टरांनी वेगळंच विचारलं. "उलट्या इतक्या होतात, हे मला कुणी सांगितलं का नाही?" खरंच, का नाही सांगितलं? ते विचारायचे, कसं आहे? अम्मा म्हणायची, "ठीक है." डॉक्टरांना कशाला त्रास, म्हणून. आम्हीही मान डोलवायचो. त्यांनी उलटीवरची गोळी बदलली, एक नवी जोडली. पुढच्या केमोनंतर अम्माने दुसऱ्याच दिवशी मुगाची खिचडी खाल्ली. जे मी भांगेत शोधत होतो, ते औषधाच्या दुकानात होतं. फक्त तोंड उघडायला हवं होतं.

याचा अर्थ या वनस्पतीत औषध नाही, असा नाही. केमोच्या मळमळीवर टीएचसीच्या गोळीला अमेरिकेत १९८५ सालीच मान्यता मिळाली. ती गोळी तिळाच्या तेलात असते. म्हणजे तुपाचंच तत्त्व! मुलांच्या काही दुर्धर आकडीवर सीबीडी या घटकाच्या औषधाला २०१८ साली मान्यता मिळाली. सीबीडीने टीएचसीसारखी नशा चढत नाही. पण या दोन्हींवर नाव आहे आणि मिलिग्रॅमचा आकडा आहे.

माप असूनही माणसामाणसांत फरक पडतो, ते वेगळंच. टीएचसीचा शोध लावणारे इस्रायलचे शास्त्रज्ञ राफेल मेशुलम यांनी एक गंमत सांगितली होती. त्यांच्या पत्नीने केक केला. पाच मित्रांच्या तुकड्यात शुद्ध टीएचसी, प्रत्येकी नेमकं दहा मिलिग्रॅम, आणि पाच जणांच्या तुकड्यात काही नाही. ज्यांच्या पोटात औषध गेलं, त्यांतला एक सारखा बोलत सुटला, एक हसत राहिला, एकाला भीती वाटू लागली. पाचांच्या पाच तऱ्हा. शास्त्रज्ञाच्या घरात, तराजूवर तोललेल्या केकची ही गत. मग माझ्या अंदाजपंचे बर्फीचं काय?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१४ साली असे पदार्थ दुकानात आले. पहिल्याच वर्षी न समजता जास्त खाल्ल्याच्या घटना घडल्या, तेव्हा सरकारने नियम कडक केले. एका वेळचं माप दहा मिलिग्रॅम. २०१६ सालापासून तर वेष्टनावरच नव्हे, खुद्द पदार्थावरही खूण उमटवण्याची सक्ती आली. हे वाचलं तेव्हा मला औशाची पुडी आठवली. नाव आणि वजन.

आपल्याकडचा कायदाही सांगून ठेवतो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात गांजा आणि चरस येतात. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत. पण म्हणून भांग मोकळी आहे, असं नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं हाही गुन्हा आहे. आयुर्वेद-युनानी औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असं छापावं लागतं. २०२१ साली खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली ती बियांना आणि त्यांच्या तेलाला. उत्तराखंडात बियांची चटणी पूर्वीपासून खातात, ती नशेची नसते. तेव्हा कुणी शेजारी किंवा नातेवाईक मायेने काही 'नैसर्गिक' आणून देईल, तर आधी त्याचं नाव विचारा, मग माप विचारा, आणि दोन्ही आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. दिलं असेल आणि बिघडलं असेल, तर दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा.

मेरीविषयीचा माझा आदर कमी झालेला नाही. पण तिच्यातला आणि माझ्यातला फरक मला उशिरा कळला. तिच्या वॉर्डातल्या मुलांना ठाऊक होतं, आपण काय खातो आहोत. ती त्यांनी स्वतःहून हात पुढे करून घेतलेली वस्तू होती. मी आईला न विचारता तिच्या तोंडात घातली.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी अम्माने विचारलं, "उस में क्या डाल्या था रे?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं, नशेची वस्तू खाऊ घातली म्हणून ती रडेल, तौबा करेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मेरे कू बोल्या होता, तो मैं आधी वडी खाती थी ना रे." मला सांगितलं असतंस, तर मी अर्धीच वडी खाल्ली असती.

ती नाही म्हणेल, हे मीच ठरवून टाकलं होतं. तिला विचारलंच नव्हतं.

त्यानंतर अम्मा दोन वर्षं होती. माझ्यावर ती रागावली नाही. पण मी काहीही नेऊन दिलं, साधा चहा असला तरी, कप हातात घेताना ती विचारायची, "इस में क्या है?" हसत विचारायची. आणि मी दर वेळी सांगायचो, "पाणी, दूध, साखर, पत्ती आणि थोडं आलं, अम्मा." मग ती पहिला घोट घ्यायची.